जास्वंदीचा पहारेकरी

३ मे
मनस्वी सुट्टीत आत्याकडे हमरापूरला गेली, गणपती रंगवायला शिकायला. जाताना परसातल्या जास्वंदीतलं बुलबुलाचं घरटं माझ्या स्वाधीन केलं. तीन अंडी. म्हणाली, पप्पा, पिल्लं उडेपर्यंत बघाल ना? म्हटलं, बेटा, धाटावला अख्ख्या कंपनीची सेफ्टी बघतो मी! (म्हणजे हेल्मेटं वाटतो. तेही सेफ्टीतच येतं.)

४ मे
शत्रू नक्की केला. शेजारच्या फरझानाभाभींचा बोका. नजर चांगली नाय त्याची.

६ मे, दुपार
शिफ्ट करून आलो, पहाऱ्याला बसलो. पानांमुळे खुर्चीतून घरटं दिसेना. उभ्याने पहारा माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून पुढच्या फांद्या छाटल्या. बायको सगुणा ओरडली, "अवो, त्यांचा आडोसा कशाला काढताय?" बायकांना सिक्युरिटी कळत नाही. आता कसं स्वच्छ दिसतंय! लगेच डोळा लागला, तो भाग वेगळा.

९ मे
पिल्लं निघाली! मनस्वीला फोन केला. तिला इतका आनंद झाला की हातातल्या गणपतीच्या उंदराच्या डोळ्यालाही सोनेरी रंग लागला म्हणे. आता हयगय नको. फरझानाभाभींना कडक शब्दांत सांगितलं (चहा पिता पिता) की बोका कोंडा. बिचाऱ्या म्हणाल्या, "व्हय भाई, मनस्वीसाठी कोंडते." त्यांची लेक अफिफा मात्र माझ्याकडे बघेना.

११ मे
बोका कोंडलेल्या खोलीत दिवसभर रडतो. ऐकवत नाही. मीही कोकणातलाच माणूस, काळीज आहे मला. जेवण गेलं नाही. म्हणजे तिसरी भाकरी गेली नाही. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

१२ मे, सकाळ
भारद्वाज! थेट जास्वंदीपाशी! सकाळी सकाळी भारद्वाजाचं दर्शन, आणि कंपनीत सुपरवायझरची जागा रिकामी. हात जोडले. बुलबुलांच्या जोडीने तर केवढा कालवा करून त्याचं स्वागत केलं. मुक्या जिवांनाही शकुन कळतो. पाहुणा रोज यावा म्हणून जास्वंदीच्या बुडाशी पाणी ठेवलं.

१३ मे
पुन्हा आला. पुन्हा स्वागत. सगुणा म्हणते, "ती दोघं बोंबलतात कशाला मग?" तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. पिल्लांकडे बघायचं राहिलं. बोका कोंडलेलाच आहे, घाई कसली.

१४ मे, सकाळ
आज फोटो मिळाला! लाल डोळा, तांबूस पंख, चोचीत काडी. घर बांधतोय वाटतं आपल्याकडेच. स्टेटसला टाकला: 'शुभ शकुन.' कंपनीतल्या महिपतीने लगेच विचारलं, पार्टी कधी?

१४ मे, दुपार
मनस्वीचा फोन. म्हणाली, पप्पा, तो फोटो जरा मोठा करून बघा.
केला. काडीला पाय होते.
घरटं रिकामं. तीन दिवस पाहुणा येत होता, तीन पिल्लं गेली, आणि मी हात जोडून उभा. बोक्यावर ढकलावं तर तो कोंडलेला. तेवढी सोयही मीच बंद केलेली.

१५ मे
बुलबुलाची मादी चोचीत अळी घेऊन आली. छाटलेल्या फांदीवर बसून राहिली, अळी तशीच चोचीत. मला स्वतःची लाज वाटली. स्टेटस काढला. फरझानाभाभींकडे जाऊन बोका सोडायला सांगितलं. त्यांनी खोलीची कडी काढली. अफिफाने दार जरा जोरातच लावलं.

१७ मे
मनस्वी परत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. अफिफाला बोलावून तिने छाटलेल्या जागी नारळाची झावळी बांधली. म्हणाली, बुलबुल पुन्हा अंडी घालतील कदाचित.
मी हळूच विचारलं, मी बसू का पहाऱ्याला?
म्हणाली, "नको पप्पा. त्यापेक्षा बोका परवडला."
बोका आत्ता माझ्याच खुर्चीत झोपलाय. त्याला उठवायला तोंड नाही मला.