उंबऱ्यावरची बडबड

सोमवार
लागले एकदाची कामाला! उजेडाचं प्रदर्शन आहे. चित्र नाही, पुतळा नाही, नुसता उजेड. सासूबाई म्हणाल्या, उजेड बघायला तिकीट, तर मग आपल्या खिडकीनं काय घोडं मारलंय? माझ्याकडे गुलाबी खोली दिलीय. भिंतींना कोपरेच नाहीत, वरखाली सगळं गोल आणि गुलाबी, त्यामुळे आत गेलेल्याला भिंत कुठे नि दार कुठे कळत नाही. म्हणून मी उंबऱ्यावर उभं राहून सतत बोलायचं. लोक आवाजाच्या रोखानं बाहेर येतात. स्वतः आत पाऊल टाकायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. आमचे हे म्हणाले, तुझ्या तोंडाला शेवटी कुणीतरी पगार देतंय. हसून हसून पोट दुखलं.

बुधवार
मस्त जमतंय. करपलेल्या भाजीपासून पिल्लूच्या पडलेल्या दातापर्यंत सगळं सांगून होतं. पिल्लू म्हणजे आमची लेक, जीभ माझ्यावर गेलेली. रविवारी बाबांबरोबर बघायला येणार म्हणून आत्तापासून नाचतेय. लोक आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे हात पुढे करून माझ्याकडे येतात, मग लाजतात.

शुक्रवार
एक आजीबाई बाहेर येईनात. मी घसा फोडून बोलत होते. बऱ्याच वेळानं आल्या त्या चिडूनच. म्हणाल्या, बाई, एका जागी उभ्या राहा की, घटकेत दारातून बोलावता, घटकेत आतून. मी उंबरा सोडलाच नव्हता. साहेब म्हणतात, आवाज घुमतो. घुमत असेल बापडा.

शनिवार
सगळे बाहेर आल्यावर मी गप्प झाले. आतलं बोलणं चालूच. माझाच आवाज! पिल्लूच्या दाताचं सांगत होता. मग तिची शाळा, तिच्या बाईंचं नाव. हे मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. घरी आल्या आल्या यांना म्हटलं, उद्या येऊ नका. हे म्हणाले, दमलीयस तू. पिल्लूनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी हो म्हटलं.

रविवार, दुपारी
आतून पिल्लूनं हाक मारली. रडत होती. मी धावले. मग आठवलं, अजून आलेच नाहीत ते. वळले. दार नाही.
चालतेय. हाताला भिंत लागत नाही. डोळे मिटले तरी गुलाबी. खिशातल्या या वहीवरची शाई तेवढी काळी दिसते, म्हणून लिहितेय—

नंतर
ती दोघं आली. पिल्लू उंबऱ्यावर आहे. आई कुठाय, विचारतेय. मी तोंडात ओढणी कोंबलीय. माझा आवाज ऐकला तर ती आत येईल. ओ द्यायची नाही. मेले तरी नाही. देवा, तिला आत—

रविवारच
दारातून माझा आवाज. ही काय मी, म्हणाला. पिल्लू खिदळली. हे म्हणाले, चला घरी.
ओढणी काढली. ओरडले. तोंड उघडतंय, पण आवाज— माझ्याकडे उरलाच नाही. तो तिकडे आहे, त्यांच्याबरोबर—
तिघं निघाले. पिल्लू विचारतेय, आई, तुझा हात असा काय—