ठिपक्याच्या घशातला काटा

मंगळवार, ३ तारीख

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमचा बोका ठिपक्या पलंगाखाली बसून घोगरा, फाटका आवाज काढतोय. त्याचा नाहीच तो आवाज! दोन दिवस बाहेर भटकला, काल संध्याकाळी आला तो असाच. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय. हाक मारली तरी ओळख नाही.

सकाळी बबडी जवळ गेली तर फिस्कारला तिच्यावर. मी तिलाच दटावलं — चावला ना तुला, तर पुलापलीकडं सोडून येईन त्याला, मग बस रडत! एवढंसं तोंड झालं पोरीचं. चार वर्षांचा जीव. हे गाडी घेऊन गेलेत, यायला अजून आठ दिवस. विचारू कुणाला?

बुधवार, ४

काज-बटणाचं काम देणारी ताई शर्ट न्यायला आली. त्याला बघून म्हणाली, "अगं, माशाचा काटा अडकलाय! बोट घालून काढ. नवऱ्याला बरी धाकात ठेवतेस, मांजराला भितेस?" हसले मी पण.

टॉवेलात गुंडाळून बोट घातलं. पार आतपर्यंत. काटा नाही. सुया टोचून माझ्या बोटांची चाळणी झालेली, लाळ चुरचुरली. पाणी पाजलं तर सगळं बाहेर. गिळतच नाही.

बबडी आज वेणी घालू देईना. डोकं धरून पळाली. हिला पण आजच नखरे सुचतात!

गुरुवार, ५

मागचे पाय गेले त्याचे. टोपलीत घालून, वर फडकं बांधून जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी लांबूनच बघितलं. "टोपली खाली ठेव. हात लावू नकोस."

म्हटलं, घशात काटा असेल.

"काटा नाही, बाई. पिसाळलंय ते. कुत्रंबित्रं चावलं असेल कुठंतरी."

मांजर पिसाळतं? मला वाटायचं फक्त कुत्रीच. बोट घातल्याचं सांगितलं तर ते एकदम उठले. नळाखाली उभं केलं मला, पंधरा मिनिटं साबणानं हात धुवायला लावला. म्हणाले, "आजच्या आज दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घे. उद्या नाही. एकदा दुखणं दिसायला लागलं की औषध नाही त्याला. पोरीला चावलंय का? ओरबाडलंय?"

नाही म्हटलं. बबडी माझ्या मागं तोंड लपवून उभी.

दवाखान्यात नर्सनं पण विचारलं, घरात अजून कुणाला? तिथं पण नाहीच म्हटलं. हात ठणकतोय. अजून सुया आहेत, तारखा लिहून दिल्यात.

शुक्रवार, ६

डॉक्टरांकडंच ठेवलेला ठिपक्या गेला. डॉक्टरांचा निरोप आला. त्याची ताटली उचलून ठेवली, परत खाली ठेवली, परत उचलली.

बबडी रडली नाही. नुसतं म्हणाली, "मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. तरी का नेलंस त्याला?" लेकराची बडबड.

दादा म्हणाला होता, घरात लहान पोर आहे, भटकं मांजर नको. मी म्हणाले, तू तुझं घर बघ! दोन महिने झाले, बोलणं नाही. आता कुठल्या तोंडानं फोन करू?

रविवार, ८

काम होत नाही. पलंगाखाली सारखं वाकून बघते.

सोमवार, ९

आज बळेच धरून वेणी सोडली. कानामागं, केसांत दोन खपल्या. दातांच्या! मंगळवारच्या. मी नळावर गेले तेव्हा बिस्किट द्यायला हिनं डोकं घातलं होतं पलंगाखाली. "सांगितलं असतं तर तू त्याला पुलापलीकडं सोडलं असतंस ना?"

साबणानं धुतलं, धूत राहिले. सहा दिवस गेले. सहा! माझ्याच तोंडानं गप्प केलं पोरीला. तिला घेऊन दवाखान्यात पळतेय. फोन मेलाय, थांबायला वेळ नाही. वही उंबऱ्यात उघडी ठेवतेय. जो कुणी वाचेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर कपाटाच्या दाराच्या आतून खडूनं लिहिलाय. भांडण वगैरे काही काढू नका. नुसतं म्हणा, बहिणीनं बोलावलंय. करा हं फोन. आत्ता करा.