बाबांचा लहान दगड

गडचिरोली
९ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वशी,

इकडे सगळं ठीक. माय जेवते, झोपते. पेपरात दर रविवारी मी लोकांची टिंगल लिहितो, ती आजही वेळेवर छापून आली. बाबांना पुरून महिना होत आला. मला अजून काही वाटलेलं नाही. वाटलं की कळवीन. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

काम असं. होळीआधी गावी बाबांच्या नावाचा दगड उभा करायचा आहे. जंगूकाकाने नदीकाठी पुरुषभर उंचीचा हेरून ठेवलाय. गावपाटलाला लहान दगड लावला तर शेजारची गावं हसतील, म्हणतो. बाबांनी दवाखान्यात मला वेगळंच सांगितलं होतं.

तुझा फोन नुकताच होऊन गेला होता. तू अभ्यासतेस त्या दूरच्या दीर्घिका तू त्यांना समजावल्यास म्हणे: सगळ्यात मोठ्या होत्या त्या आधीच घाईघाईने ताऱ्यांनी भरल्या, मग वायू सरला, तारे जन्मायचे थांबले. पुढे वाढल्या त्या शेजारच्या लहानग्या गिळून. "म्हंजे आपला तेंदूचा ठेकेदार," म्हणून बाबा हसले. मग बराच वेळ खोकले.

मग म्हणाले, "सुकलू, मले लहानच दगड लावजो. मोठा तं थांबून जाते, नाई तं बाजूच्याले गिळते."

मेलेला सुखात असला की त्याचा दगड वाढतो, असं आपण मानतो. बाबांना वाढायला जागा हवी होती. तुझ्या संशोधनाचा असा उपयोग तुझ्या मोठ्या सायबांनाही सुचला नसता.

दगडासाठी गावात बैठक झाली, तिथे मी हे सगळं सांगितलं. जंगूकाका म्हणाला, "तुह्यं कोनतं खरं धरू? पेपरात मजाक तूच लिवतं ना?" लोक हसले. सवयीने मीही हसलो. शिवाय कंजूष ठरलो.

होळीआधी तू गावी ये, तुझं ऐकतील. तू बाबांना तसं सांगितलं होतंस, एवढंच बोल. मातीला का आली नाहीस, हे कोणी विचारणार नाही. विचारलं तर मी आहे.

भामरागडला एसटीपाशी मी उभा राहीन.

शेवटच्या दिवशी बाबांनी तू कधी येतेस विचारलं. मी म्हणालो, उद्या. त्यांनी ते खरं धरलं.

वाट पाहणारा तुझा भाऊ,
सुकलू