येते म्हटलं होतं

५ जानेवारी, जहाजावर

चढले एकदाची! दहा वर्षं परळच्या हॉस्पिटलातल्या चादरी धुतल्या, आता जहाजाच्या धुणार. लॉन्ड्री सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडकी नाही, पण सहा मशीनं आणि इस्त्रीचं टेबल माझं एकटीचं. तीन आठवडे आम्ही दक्षिणेकडच्या ज्वालामुखीच्या बेटांवर फिरणार. प्रवासी छोट्या होड्यांतून उतरून पक्षी-प्राणी बघणार आणि मळके कपडे मला आणून देणार. होडी चालवायला माझगावचा राजरत्न आहे. अंबिका म्हणायचा त्याला कंटाळा, म्हणून माझं नाव लालबाग ठेवलंय.

निघताना घरी तमाशा झालाच. चपला घालता घालता मी जाते म्हणाले. आईने बॅग ओढून घेतली, मला परत पाटावर बसवलं, पाणी पाजलं. जातंय म्हणाचा नाय, येतंय म्हणाचा! मी आठ वर्षांची असताना बाबा घाईत जातो म्हणून मिलमध्ये गेले ते गेलेच, हे पुन्हा ऐकवलं. शेवटी मी येते म्हटलं, ती ये म्हणाली, तेव्हा कुठे सुटका झाली. चाळीत कोणीही येतो म्हणालं, की आई पूजेतूनसुद्धा ये म्हणते. मी म्हटलं, बाई, एक दिवस चोरालाही ये म्हणशील.

१७ जानेवारी

आज दोन तास सुट्टी मिळाली आणि राजरत्नने मला चार नंबरच्या बेटावर नेलं. बारा दिवस ही बेटं मी प्रवाशांच्या पँटच्या मोहरीत अडकलेल्या वाळूतच बघत होते, आज त्यातलं एक पायाखाली आलं. काळी वाळू, तव्यासारखी गरम. डोंगराच्या भेगांतून वाफ येते. आणि जिकडेतिकडे कोंबडीएवढे काळे पक्षी. पंख अंगठ्याएवढे, उडता येत नाही, आणि या एका बेटाबाहेर जगात कुठेच नाहीत, असं राजरत्न म्हणाला. माणसाला घाबरत नाहीत. एक तर माझ्या बुटावर चढून उभा राहिला आणि तोंड वर करून बघत बसला. फार गोड वाटला मला.

नियम कडक आहेत. हात लावायचा नाही, खडासुद्धा उचलायचा नाही, होडीत चढण्याआधी बूट ब्रशने साफ करायचे. मी सगळं नीट केलं. फक्त होडीत बसताना सवयीने तोंडातून निघालं, येते हं!

तो पक्षी म्हणाला, येते.

माझ्याच आवाजात. पाटाचा किस्सा मी राजरत्नला सांगितला होता, तो पोट धरून हसला. म्हणाला, लालबाग, तुझी आई आता या पाखरालाही पाटावर बसवणार बघ.

१९ जानेवारी

जहाज बेटापासून निघालं. राजरत्न शेवटची फेरी करून आला. डोंगरावर एकही पक्षी नव्हता म्हणे. सगळे किनाऱ्यावर ओळीने, तोंडं जहाजाकडे. एकामागून एक पाण्यात उतरत होते. पोहत नव्हते, चालत होते.

मला विचित्र वाटलं. पण चाळीस चादरी बाकी होत्या.

२१ जानेवारी

धुतलेल्या उशांच्या खोळींत मूठभर काळी वाळू. गरम. मशीन उघडून पाहिलं, स्वच्छ होतं. मग इस्त्रीच्या टेबलामागून माझाच आवाज, येते.

मी इस्त्री उगारून पुढे झाले. मागे कोणी नाही. राजरत्न तेवढ्यात युनिफॉर्म न्यायला आला होता, त्यानेही ऐकलं. त्याला वाटलं मीच गंमत करतेय. माझ्या आईची नक्कल करत म्हणाला, ये गो बाय, ये.

२२ जानेवारी

राजरत्न नाही.

केबिन आतून बंद होती, दार तोडलं. गुडघाभर काळी वाळू, अजून गरम. वर त्याचं घड्याळ. तो नाही.

कप्तानाने लिहिलं की समुद्रात पडला. वाळू फावड्याने समुद्रात टाकली. मी सांगितलं, त्याने ये म्हटलं म्हणून ते पाखरू आलं. कोणाला कळेना. जहाजावर मराठी आता मी एकटीच. खूप रडले. मग चिडले. मी निरोप घेतला होता रे पाखरा, तुला वचन नव्हतं दिलं!

३० जानेवारी, लालबाग

घरी पोचले. आईला सगळं सांगितलं. तिला म्हटलं, आता कोणालाही ये म्हणायचं नाही. शेजारचे सीताराममामा उठताना येतो वहिनी म्हणाले, आई नुसतं बरं म्हणाली. ते फुगून बसलेत. बसू देत.

१ फेब्रुवारी

भर दुपारी गॅलरीतून आवाज. आई, येते. मी आईच्या समोर पोळी खात होते. आईचे ओठ हलले. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिसरा मजला. उडता न येणारा पक्षी. उंबऱ्यावर काळी वाळू.

इथे माणसांना जागा मिळत नाही, तू कुठे निघालास? पहिलं येते मी आईला म्हटलंय. तू रांगेत दुसरा. झाडू घेतला आणि वाळू खाली लोटली.

२ फेब्रुवारी

दिवसभर. येते. येते. आई पाठमोरी असली की माझा आणि त्याचा फरक तिला कळत नाही. पन्नास वर्षांची सवय, किती वेळ तोंड दाबू तिचं?

शेवटी ठरवलं. आवाज आला की तिने जा म्हणायचं. जोरात. तिने आयुष्यात कोणाला जा म्हटलेलं नाही. रडली. मग पदर खोचला आणि म्हणाली, म्हणतंय. माझ्या चेडवाच्या आवाजात बोलता म्हणजे काय!

३ फेब्रुवारी, सकाळ

दोनदा म्हणाली, जा! दोनदा गप्प झालं — खरंच गप्प झालं!

दुपार

पुन्हा आलंय. दाराला टोचतंय. वाळू फटीतून आत —

बास. मीच बाहेर जाते. माझा शब्द मीच परत घेणार, तोंडावर सांगणार — येत नाही. ऐकलंस? येत नाही!

झाडू घेतला. वही हातातच. आई गॅसपाशी, पाठमोरी. कडी काढली —

देवा. सवयीने निघून गेलं तोंडातून. आई, येते.

मी म्हटलं गं, मी — ते नव्हे —

आई ओरडली, ज