तव्यावरची मिश्री

भटवाडी, घाटकोपर
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

चि. द्रौपदीस आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळी खुशाल. तुमची दिवाळी कशी झाली ते कळव.

आता ऐक, परवा सगळ्यात आधी कोण आली असेल? शकूच, आमची शेजारीण! दारातूनच ओरडते, "मावशी, त्या बॅटरीवाल्या बायका आल्या गं! पटकन तोंड धू!" मी म्हटलं, "अगो मेले, त्या तोंडाच्या आत बघतात, बाहेरून नाही." सगळी गॅलरी हसली.

या बायका कोण, ते तुला ठाऊकच नाही. श्रावणापासून तुला इतकी पत्रं धाडली, पण एकातही लिहिलं नाही. आज लिहिते. पण आधी गंमत सांगते, नाहीतर तू अर्ध्यातच घडी घालून ठेवशील.

श्रावणात एक डॉक्टरीण आली, सुलक्षणा नाव, आमच्या सुनेपेक्षाही लहान. सोबत एक मदतनीस बाई. दारोदार विचारत होत्या, घरात कोणी तंबाखू खातं का. चाळीतल्या बायका एका सुरात, "आम्ही नाही बाई! तंबाखू बापये खातात." शकूने तर कानाला हात लावले. मीसुद्धा ठसक्यात सांगितलं, "आमचे हे होते तोवर मळायचे. ते गेले, घरातनं तंबाखूचं नाव गेलं." आणि हे बोलत होते तेव्हा माझा तवा स्टोव्हवर! पानं भाजून काळी होत आलेली, धूर गॅलरीभर. डॉक्टरीण शिंकून शिंकून लाल झाली. नाकाला पदर लावून विचारते, "आजी, तव्यावर काय आहे?"

"मिश्री."

"आणि मिश्री कशाची करतात?"

"कशाची म्हणजे? तंबाखूची."

बोलले आणि माझं मलाच हसू फुटलं. अगं, जन्मभर आपण दातांना चोळली, पण तिला तंबाखू कधी म्हटलंच नाही. तंबाखू म्हणजे व्यसन आणि मिश्री म्हणजे दात घासणं, असंच आईच्या घरी होतं. डॉक्टरीणही हसली, मग विचारते, "आजी, दिवसातून किती वेळा दात घासता?" मी बोटं मोजायला लागले. सकाळी, जेवल्यावर, चहा झाला की, दुपारी अंग टाकलं की, आणि मन उदास झालं की. एवढं घासायला मला दात तरी कुठे राहिलेत!

मग बॅटरी लावून एकेकीचं तोंड बघितलं. शकूचं साफ. माझ्या तोंडात मात्र बॅटरी हलेना. डाव्या गालाच्या आत, मी चिमूट धरते तिथेच, पांढरा चट्टा. दुखत नव्हता. तिखट झोंबायचं, पण मी म्हणायचे उष्णता. ती म्हणाली, मिश्री आजपासून बंद करा, बहुतेक जाईल. पण तसाच राहिला तर कधीकधी त्याचाच पुढे तो आजार होतो. नाव मी लिहीत नाही. तुला कळलं.

सोडणं काय सोपं होतं? पोट साफ होईना, डोकं ठणके, रत्नप्रभा चहा घेऊन आली की तिच्यावर खेकसायचे. पण सून माझी शहाणी. बडीशेप भाजून त्याच डबीत भरली आणि म्हणाली, "आई, हात डबीकडेच जातो ना, जाऊ दे." आणि तिची अनुपमा, तीन वर्षांची भवानी, डॉक्टरणीचं बघून शिकली. रोज सकाळी चमचा घेऊन माझ्यापुढे उभी. "आजी, आ कर." आत बघते आणि सांगते, "उंदीर नाही."

तर परवा त्या पुन्हा आल्या. खोटं कशाला सांगू, देवीला नारळ बोलले होते. डॉक्टरणीने गाल ताणून बघितलं, फिरून बघितलं, आणि म्हणाली, "आजी, पुष्कळ फिका पडलाय की हो!" मी फराळाचा डबा काढला, तिखट शेव तिला दिली आणि तिच्यासमोर मूठभर स्वतः खाल्ली. डोळ्यांत टिपूस नाही! एवढी तर मी लग्नातसुद्धा खूश नव्हते.

आता खरं ते लिहिते. गणपतीला गावी आले तेव्हा तू ताजी मिश्री माझ्या तळहातावर ठेवलीस. मी मागल्या दारी गेले आणि माडाच्या आळ्यात टाकली. तुला वाटलं, लावली. तेव्हाच बोलायचं, पण माझंच काय होणार ते मला ठाऊक नव्हतं, तुला कुठे घाबरवू? पण मी बघत होते, द्रौपदे. काळ्या वाटाण्याचं सांबारं तू कडेला सारलंस. साध्या सोलकढीने तुझे डोळे भरले. नुसत्या पेजेवर राहिलीस. विचारलं तर म्हणालीस, "माका काय धाड भरली नाय." आणि चूळ भरताना तुझ्या खालच्या ओठाच्या आत मला पांढरं दिसलं. माझ्यासारखंच.

डॉक्टरणीला तुझं सांगितलं. म्हणाली, "न बघता कसं सांगू? त्यांना इथे घेऊन या." ती रागावत नाही गं. दुखतही नाही, नुसतं बघते.

तेव्हा कारणं सांगू नकोस. भात झोडून झाला असेल, म्हशीला तुझी जाऊ बघेल. दादूला म्हणावं, मावशीने बोलावलंय, आईला एस.टी.त बसवून तूच घेऊन ये. कुळथाचं पीठ आण थोडं. आणि वाटेत मिश्रीवाचून राहवलं नाही तर लाव, मी एक शब्द बोलणार नाही. पण ये.

भीती वाटली तर माझा हात धर. आधी मी बसेन, मग तू. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी त्या पुन्हा येणार आहेत. तू बुधवारीच पोच.

तुझ्याआधी तोंड उघडून बसणारी,
तुझी आक्का