अंजूची खुर्ची

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

घाटनांदूर
५ जानेवारी २०२५

चि. शिवानी हिस अप्पाचे आशीर्वाद. अमरनाथरावांना नमस्कार. छोट्या मृत्युंजयच्या गालाला माझ्या वतीनं हात लाव.

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू हॅलो म्हणतेस, मी जेवलीस का विचारतो, तू हो म्हणतेस, आणि मग मी थंडीवर जातो. म्हणून कागद घेतला.

यंदा थंडी लई आहे. दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला लोक येऊ लागलेत. रुक्मिणीबाई दोन वेळचं करून जातात, मीठ कमी घालतात, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. तुझ्या आईनं लावलेला बेल भिंतीच्या वर गेला. ती जाऊन सव्वा वर्ष झालं, अजून सकाळी पूजेला बसलो की पान तोडून मागं हात करतो, ती उभी असल्यासारखा.

अमरनाथरावांचा परवा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी चहाडी केली नाही, काळजीनं बोलले. डिसेंबरात जयला ताप चढला तेव्हा ते गावाला होते. शेजारचे गाडी घेऊन दारात उभे राहिले, आणि तू पोराला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत चालत गेलीस. तापलेलं पोर, आणि दोन किलोमीटर. मला ते ऐकवलं नाही.

ते म्हणाले, जयला गाडीत बसवायच्या सीटसाठी तू तीनदा दुकानात जाऊन आलीस. जयची उंची मोजलीस, वजन केलंस, कागदावर लिहून नेलंस, आणि रिकाम्या हातानं परत आलीस. पोरगं चार वर्षांचं होत आलं तरी एकदाही गाडीत बसलं नाही.

मी म्हणतो, सीट मी घेतो. लातूरला एक मोठं दुकान झालंय, तिथं लहान मुलांच्या गाडीतल्या सीटा मिळतात. मी जाऊन बघून येतो, विचारून घेतो, आणि पाठवून देतो. तू फक्त जयची मापं कळव. तुला त्यात पडायला नको.

तुझ्या आईवर तुझा राग आहे, तो मला कळतो. त्याबद्दल कधीतरी बोलायचं आहे. आज नको.

प्रकृतीला जप. पोराला कानटोपी घाल.

तुझा
अप्पा


घाटनांदूर
२४ जानेवारी २०२५

शिवानी,

तुझा मेसेज मिळाला. "अप्पा, सीट घेऊ नका. एकदा मी निवडली होती, मीच बसवली होती. काय झालं ते तुम्ही बघितलंय. माझ्या हातानं आता पट्टा लागणार नाही."

मी तो दुकानात गादीवर बसून वाचला. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं उद्या या. शटर अर्धं ओढून बसलो. सहा वर्षं तू हे मनात धरून आहेस हे मला माहीत होतं. पण लिहिलेलं वाचणं वेगळं.

मागच्या पत्रात सीट मी घेतो असं लिहिलं. खरं सांगायचं तर ती पळवाट होती. वाटलं, सीट पाठवली की तू बसवशील, पोर गाडीत बसेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. तसं होणार नाही हे तुझ्या दोन ओळींनी कळलं. आता सरळ लिहितो. खाडाखोड झाली तरी पान बदलणार नाही, बदललं तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही.

अंजू गेली तेव्हा ती सीटमध्ये नव्हती.

पुन्हा लिहितो, कारण एकदा वाचून तुला खरं वाटणार नाही. त्या सकाळी सीट गाडीतच नव्हती. ती मी काढून गोदामात तागे ठेवतो तिथं ठेवली होती.

तू त्या वर्षी संक्रांतीला अंजूला आमच्याकडं ठेवून दहा दिवसांच्या ट्रेनिंगला संभाजीनगरला गेलीस. जायच्या आधी अंगणात माझ्या गाडीत सीट बसवलीस. गुडघा सीटवर दाबून पट्टा ओढलास, मला दोनदा करून दाखवलंस. "अप्पा, जवळ जायचं असलं तरी हिला यातच बसवायचं. रडली तरी." मी बरं म्हटलं. आणि पाच दिवस बसवलंही. तिला आवडायचं ते. कुठंही निघालो की "आज्जा, माझी खुर्ची" म्हणून आधी दार धरायची.

सहाव्या दिवशी छबुबाईच्या डोळ्याची पट्टी सोडायला अंबाजोगाईला जायचं होतं. रामकिसन माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याची बायको, तिला एसटीच्या धक्क्यात कशी न्यायची. मी म्हटलं, माझ्या गाडीत चला. सोबत त्यांची सूनही निघाली, आणि अंजू मागं राहीना म्हणून तिच्यासोबत तुझी आई. मागं तिघं आणि सीट मावेना. सून म्हणाली, "मी येते की मागून एसटीनं." मी म्हटलं, घरची गाडी असताना एसटी कशाला. लोकांसमोर मोठेपणा करायची माझी सवय तुला माहीत आहे.

मी सीट सोडवायला लागलो तेव्हा तुझी आई दारात होती. "अहो, सीट कावून काढता? शिवानी बोलंल."

"अर्ध्या तासाचा रस्ता हाय. घे मांडीवर."

"मागं तरी बसू का मग?"

"मागं जागा कुठं हाय. पुढंच बस."

असं झालं. मी काढली, मी सांगितलं, मी पुढं बसवलं. तिनं दोनदा विचारलं, हे लक्षात ठेव.

वेग जास्त नव्हता. उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं चालला होता, तो हात न दाखवता शेताकडं वळला. मी ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीच्या कडेला नुसती टेकली म्हण. काच फुटली नाही. छबुबाईच्या बांगड्या फुटल्या, रामकिसनचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. मला काही झालं नाही. तुझ्या आईचे दोन्ही हात अंजूभोवती होते, घट्ट होते, पण ती त्यातून निसटली. पुढं आपटल्याचा आवाज मोठा नव्हता. मला वाटलं पाण्याची बाटली पडली.

दवाखान्यात दुपारी एकला डॉक्टरांनी सांगितलं. तुला फोन गेला होता, तू निघाली होतीस.

मी तिचे कपडे आणायला म्हणून घरी आलो. गाडी चालू होती, नुसता दिवा फुटला होता. फ्रॉक घेतला. तिथून गोदामात कसा गेलो ते सांगता येत नाही. सीट ताग्यांवर ठेवली होती, तिच्यात अंजूचा अर्धा खाल्लेला तिळाचा लाडू चिकटलेला होता. मी ती उचलली आणि गाडीत बसवली. मला नीट जमेना. पट्टा पिळला, पुन्हा घातला, शेवटी खट् असा आवाज आला तेव्हा सोडून दिलं. परत गेलो. तुझ्या आईला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि म्हटलं, "शिवानीला मांडीचं सांगू नको. ती तुला जन्मभर माफ करायची न्हाई." बघ, मी काय केलं. माझी चूक तिच्या पदरात टाकली आणि वर तिला वाचवतो असं दाखवलं.

पाच वाजता तू आलीस. अंजूला बघितलंस. मग बाहेर येऊन तू गाडीचं मागचं दार उघडलंस. कुणालाही कळेना तू काय करतेस. तू सीटवर हात फिरवलास, पट्टा ओढून बघितलास. तो सैल होता. मी बसवलेला, सैल असणारच. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "अप्पा, मी नीट आवळला नव्हता का?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच बोललो. त्या एका शब्दावर तू सहा वर्षं काढलीस.

रामकिसननं ते ऐकलं. त्याला खरं माहीत होतं. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटला तर राम राम करतो आणि पुढं जातो. गावाला वाटतं आमचं बांधावरून काहीतरी बिनसलं.

आणि तुझी आई. जय पाच महिन्यांचा असताना तू आलीस, त्याला तिच्या मांडीवर ठेवायला गेलीस, आणि ती उठून आत निघून गेली. तुला वाटलं, ती तुला दोष देते, तुझं दुसरं मूलही तिला नको आहे. तू त्यानंतर राहायला आली नाहीस. ती आत जाऊन भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबून. मला म्हणाली, "माझ्या मांडीला न्हाई कुणी द्यायचं आता." शिवानी, ती तुझ्यावर कधीच रागावली नव्हती. शेवटच्या आठवड्यात रोज एकच म्हणायची, "सांगा तिला." मी म्हणायचो, सांगतो.

सीट मी टाकली नाही. दुकानाच्या माळ्यावर धोतराच्या कापडात बांधून ठेवली. दुपारी झरोक्यातून ऊन येतं तेव्हा कापडाखाली तिचा आकार दिसायचा. बांधलं तेव्हाही गादी मधे दबलेली होती. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. मी माळ्यावर जायचं सोडलं, लागेल तो माल खालीच ठेवतो. तरी भित्रेपणा असा, की कुणी पिशवीचा चाप बंद केला, डब्याची कडी लावली, आणि तो खट् आवाज झाला, की माझे हात थांबतात. मोजत असलेलं कापड पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

तुझा मेसेज आल्यावर मी माळ्यावर चढलो. सीट उतरवली आणि तशीच कापडात बांधून एसटीनं लातूरला घेऊन गेलो. मला एकच विचारायचं होतं.

दुकानात वर्षाराणी म्हणून एक पंचवीस-सव्वीसची मुलगी आहे. मी आधी जयची मापं सांगितली, अमरनाथरावांनी दिलेली. साडेपंधरा किलो, एकशे एक सेंटिमीटर. ती म्हणाली, "काका, वय बघून घेऊ नका. वजन आणि उंची बघायची." एवढ्या मुलाला अजून पाच पट्ट्यांचीच सीट हवी, गाडीच्या पट्ट्यावर बसवायची घाई करायची नाही. पुढं तोंड करून बसताना पट्टे खांद्याच्या बरोबरीनं किंवा जरा वरून निघाले पाहिजेत. मूल वाढलं की पट्टे वरच्या खाचेत घ्यायचे. कान सीटच्या वर गेले की सीट लहान झाली. आवळल्यावर पट्टा चिमटीत धरता आला नाही पाहिजे. मी सगळं लिहून घेतलं.

मग कापड सोडून तिच्यापुढं सीट ठेवली. विचारलं, साडेतीन वर्षांच्या, चौदा किलोच्या मुलीला ही लहान पडली असती का.

तिनं उलटी करून मागची चिठ्ठी वाचली. "अठरा किलोपर्यंत चालते. अजून वर्षभर चालली असती." मग पट्टे बघितले. "हे वरच्या खाचेत घेतलेत. ज्यांनी बसवली त्यांना माहिती होतं. बरोबर केलंय."

मी पुन्हा विचारलं, नक्की बरोबर का. ती म्हणाली, "अगदी बरोबर. पण काका, या सीटला अपघात झालेला आहे का? झाला असला तर पुन्हा वापरायची नसते, वरून चांगली दिसली तरी."

मी म्हणालो, "गाडीला झाला. सीट गाडीत नव्हती."

तिनं हळूच विचारलं, "आणि मूल?"

"गाडीत होतं."

तिनं स्टूल पुढं केलं. मी बसलो. सहा वर्षांत हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि ते एका परक्या मुलीला. म्हणून आज तुला लिहितो आहे.

परत आल्यावर रामकिसनच्या घरी गेलो. त्याला सांगितलं, शिवानीला लिहितोय. तो ओट्यावर तंबाखू मळत होता. म्हणाला, "लई उशीर केलास बे." मी म्हटलं, हो. त्यानं बसायला सांगितलं नाही. छबुबाईनं पाणी आणून दिलं.

जयसाठी मी सीट घेतली नाही. घेणारही नाही. ती तुला निवडता येते, त्या दुकानातल्या मुलीइतकीच नीट, हे मी विचारून आलो आहे. तू निवडलेल्या खुर्चीत अंजू असती, तर तो धक्का तिला झोपेतून उठवण्याइतकाही नव्हता. तुला हे कळलं पाहिजे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायलाही तोंड लागतं. हे पत्र अमरनाथरावांना दाखव, त्यांच्या आईवडिलांना दाखव, ज्यांच्या ज्यांच्यापुढं तुला मान खाली घालावी लागली त्या सगळ्यांना दाखव. महाशिवरात्रीला परळीला भाऊबंद जमतात, तिथं मी स्वतः सांगणार आहे. तू आलीस तर आईच्या फोटोपुढं जयला एकदा उभा कर. नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही, फोनही करणार नाही.

पट्टा तू आवळला होतास. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

अंजूचा आज्जा,
रुद्रप्पा