कोपऱ्यातली गोगलगाय

विटा, मंगळवार, संध्याकाळ

कोइमतूरच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानातून सहा महिन्यांनी घरी आलो. बॅगही न ठेवता आधी समुद्री माशांच्या टाकीपाशी गेलो. तळाशी नुसते करडे दगड! नखाएवढ्या तुकड्यापासून दोन वर्षं वाढवलेलं माझं हिरवं मऊ प्रवाळ, गवतासारखं अख्ख्या तळावर पसरलं होतं. त्याचा मागमूस नाही.

धाकट्या भावाला, सदाला, बजावून गेलो होतो की पाणी आटलं की नुसतं गोडं पाणी घाल. पाणी आटलं तरी मीठ टाकीतच राहतं. ह्यानं दर वेळी आणखी मीठ कालवून घातलं.

"समुद्राचं हाय म्हणून घातलं की, दादा. दिवाळीच्या आधीच गेलं ते."

चूक पोटात घातली असती. पण दर रविवारी व्हिडिओ यायचा, त्याचं काय? प्रवाळ डुलतंय, काचेच्या डाव्या कोपऱ्यात गोगलगाय. मी तो दुकानात सगळ्यांना कौतुकानं दाखवायचो. एकच जुना व्हिडिओ, चार महिने! गोगलगाय दर रविवारी त्याच कोपऱ्यात, आणि मी गाढव म्हणायचो, लय आळशी हाय ही.

"तू तिकडं एकटा. तुला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई," म्हणाला. माझ्यासाठी म्हणे!

जेवताना एकदम आठवलं. आईचं विचारलं की फोनवर हाच सांगायचा, "ठणठणीत हाय, गुडघा अजिबात दुखत न्हाई."

घास हातातच राहिला. विचारलं, "आई, गुडघा कसा हाय?"

आईनं आधी सदाकडं बघितलं.